सव्वाशे ग्रॅम पाव

"काकू, खरं सांगू? आपल्याकडे एक हिटलरच पाहिजे. आठ दिवसांत सगळे सुतासारखे सरळ होतील!"

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यानंतरची ही गोष्ट. आमच्या महिला मंडळाच्या खोलीत मी रोज संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांचा अभ्यास घेते. पंधराएक मुलं येतात. कुणाचे वडील बांधकामावर, कुणाची आई चार घरची धुणीभांडी करणारी. घरी एकच खोली, त्यात टीव्ही, त्यात पाहुणे, मग अभ्यास होणार कुठे? म्हणून हा उद्योग. मी काही शिक्षिका नाही. बी.ए.ला इतिहास होता, एवढंच भांडवल!

त्या दिवशी नववीचा महायुद्धानंतरच्या जगाचा धडा काढला होता. त्याआधी महायुद्ध का झालं ते सांगावं म्हणून हिटलरचं नाव घेतलं आणि मागून हे वाक्य आलं. बोलणारा मुलगा वर्गातला सगळ्यांत चुणचुणीत. पहाटे पेपर टाकतो, मग शाळा, मग माझ्याकडे. येताना धाकट्या बहिणीला सोबत आणतो, कारण आई तेव्हा कामावर असते. ही बारकी आठ वर्षांची, पण तिची समज दोन-अडीच वर्षांच्या मुलीएवढी. कोपऱ्यात बसून रिकाम्या काडेपेट्यांची गाडी करते, मध्येच खुदकन हसते. सगळ्यांना तिची सवय झालेली.

वाक्य ऐकून पोरं हसली. मी मात्र गप्प झाले. खरं सांगायचं तर रागच आला होता. पण मैत्रिणींनो, रागावून काय झालं असतं? तो गप्प बसला असता आणि हिटलर तसाच त्याच्या डोक्यात राहिला असता. मी फळ्यावर लिहिलं, 'हिटलर कशाला पाहिजे?' आणि खडू त्याच्याच हातात दिला. भराभर यादी झाली. नोकरीला पैसे मागतात. रस्त्यात खड्डे. पुढारी एकमेकांशी भांडतात. महागाई. पोरांचं चुकलं कुठे? ही तर आपल्या ओट्यावरच्या गप्पांचीच यादी!

म्हटलं, "ही यादी १९३२ सालच्या जर्मन माणसानेही अशीच केली असती." आणि तिथून आमचा युरोप सुरू झाला. दर शनिवारी एक तास, असे सहा शनिवार.

पहिल्या शनिवारी मी सनावळी सांगितली नाही, हिशोब सांगितला. पहिलं महायुद्ध १९१८मध्ये संपलं. जर्मनी हरला. २८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर सही झाली, नुकसानभरपाईचं ओझं डोक्यावर आलं. पुढे १९२३ साली तिथे चलन इतकं घसरलं, की युद्धाआधी एका डॉलरला जे चार मार्क पडायचे ते त्या वर्षीच्या नोव्हेंबरात चार लाख कोटींच्या वर गेले! पगार हातात पडला की बायका धावत दुकान गाठायच्या, कारण संध्याकाळपर्यंत भाव बदललेला असायचा. ती घडी कशीबशी बसली, तोवर १९२९ची जागतिक मंदी आली आणि १९३२पर्यंत साठ लाखांच्या आसपास लोक बेकार झाले.

मग आम्ही चिठ्ठ्या टाकून मतदान केलं. पंधरा मुलं, पंधरा चिठ्ठ्या. हिटलरच्या पक्षाला १९२८मध्ये शंभरातली तीन मतंसुद्धा नव्हती, हे सांगितलं. जुलै १९३२मध्ये तीच सदतीस झाली. "म्हणजे अर्ध्याहून कमीच की!" एकजण म्हणाला. बरोबर. खुल्या निवडणुकीत त्याला निम्मी मतं कधीच मिळाली नाहीत. बाकीचे आपसांत भांडत राहिले, आणि मोठमोठ्या पुढाऱ्यांना वाटलं, याला खुर्चीत बसवू आणि दोरी आपल्या हातात ठेवू. ३० जानेवारी १९३३ला तो चॅन्सेलर झाला. २३ मार्चला संसदेने कायदे करण्याचा आपला अधिकारच त्याच्या सरकारला देऊन टाकला. ९४ सदस्यांनी तेवढं विरोधात मत दिलं. जुलैपर्यंत बाकी सगळे पक्ष बंद!

दहावीतल्या एका मुलीने विचारलं, "मग पुढच्या निवडणुकीत पाडायचं ना त्याला?"

"पुढची खरी निवडणूक झालीच नाही गं."

खोलीत एकदम शांतता झाली. बाहेर भाजीवाल्याचा आवाज तेवढा येत होता.

दुसऱ्या शनिवारी मुलींसाठी म्हणून मुद्दाम बायकांचं सांगितलं. हिटलरच्या सरकारने १९३३ पासून नवीन जोडप्यांना एक हजार मार्कांपर्यंत कर्ज दिलं. अट काय? बाईने नोकरी सोडायची! आणि प्रत्येक मुलामागे पाव कर्ज माफ. चार मुलं झाली की कर्ज फिटलं. १९३८मध्ये तर आईसाठी पदकं काढली. चार मुलांना कांस्य, सहाला रौप्य, आठला सुवर्ण. मुली खो-खो हसल्या. एक म्हणाली, "आमच्या आज्जीला सोन्याचं मिळालं असतं." पण हसता हसता त्यांच्या लक्षात आलं, की हे कौतुक सगळ्या आयांना नव्हतं. ज्यू आईला ते पदक नव्हतं. जर्मनीत ज्यू होतेच किती? शंभरात एकसुद्धा नाही. पण सगळ्या दुःखाचं खापर त्यांच्यावर फुटलं. १ एप्रिल १९३३ला त्यांच्या दुकानांवर बहिष्कार, १९३५मध्ये त्यांचं नागरिकत्व काढून घेणारे कायदे, नोव्हेंबर १९३८मध्ये एका रात्रीत प्रार्थनास्थळांना आगी. एकदम काही झालं नाही. एकेक पायरी. आणि प्रत्येक पायरीला शेजारपाजारचे म्हणाले असतील, आपल्याला काय करायचंय?

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. तिसऱ्या शनिवारी माझं चुकलं.

त्या काळात जर्मन शाळांतली पुस्तकं कशी बदलली ते सांगत होते. गणितातसुद्धा विष! मनोरुग्णांच्या इस्पितळाला इतका खर्च येतो, तर तेवढ्या पैशांत किती नव्या जोडप्यांना कर्ज देता आलं असतं, अशी उदाहरणं मुलांना सोडवायला असत. मी बोलण्याच्या भरात पुढे सांगून गेले, की १९३९ पासून अपंग आणि मतिमंद म्हणवल्या गेलेल्या माणसांना, लहान मुलांनासुद्धा, 'उपचारासाठी' म्हणून नेऊन मारायला सुरुवात झाली. १९४१च्या ऑगस्टपर्यंत सत्तर हजारांहून जास्त माणसं विषारी वायूने मारली. पुढे ज्यूंच्या छळछावण्यांत तीच रीत वापरली गेली. साठ लाख ज्यू मारले गेले, त्यात पंधरा लाखांच्या आसपास मुलं.

मी बोलायची थांबले, तेव्हा सगळी मुलं कोपऱ्याकडे बघत होती. बारकी काडेपेट्यांची गाडी ढकलत होती. तिच्या भावाने वही मिटली, तिला कडेवर घेतलं आणि काही न बोलता निघून गेला.

आठ दिवस तो आला नाही. मला रात्री झोप लागेना. मुलगी समोर बसलेली असताना मी हे बोललेच कसं? शेवटी एका संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आई नुकतीच कामावरून आली होती, चुलीवर भाकरी टाकत होती. मला बघून तिने पाट पुढे सारला, पण चेहरा काही हसरा नव्हता.

"ताई, पोरगं रातचं उठून बारकीला बघतंय, हाय का न्हाई म्हणून. असलं कशापायी शिकवता पोरास्नी?"

काय उत्तर देणार? मी नुसतीच बसून राहिले. भाकरी फुगली, तिने ती उतरवली. मग मी चाचरत तिला उरलेली गोष्ट सांगितली. ही हत्या गुपचूप चालली होती. घरी पत्र यायचं, तुमचं माणूस अमुक आजाराने गेलं. पण खोटं किती दिवस पचणार? कुणाला कळवलं की अपेंडिक्सने गेला, आणि त्याचं अपेंडिक्स तर आधीच काढलेलं! घरच्यांना संशय आला, कुजबुज सुरू झाली. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टर शहराचे बिशप फॉन गालेन यांनी चर्चमध्ये उभं राहून उघड सांगितलं की हा खून आहे. त्यांच्या भाषणाच्या नकला हातोहात देशभर गेल्या. त्याच महिन्यात हिटलरला ती वायूची केंद्रं थांबवण्याचा हुकूम काढावा लागला. पुढेही लपूनछपून, उपाशी ठेवून, औषधं टोचून मारणं चालूच राहिलं, हेही खरं. पण लोक बोलले, तेव्हा त्या हिटलरलासुद्धा एक पाऊल मागे घ्यावं लागलं.

ती तवा पुसत ऐकत होती. मग म्हणाली, "मंग हे पोराला का न्हाई सांगितलंसा? निम्मीच गोष्ट सांगितली तुम्ही."

चौथीपर्यंत शिकलेल्या त्या माउलीने मला जे शिकवलं, ते बी.ए.च्या तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. मारणाऱ्यांची गोष्ट सांगायची, तर बोलणाऱ्यांची आणि वाचवणाऱ्यांचीही सांगायलाच हवी. नाहीतर मुलांच्या हाती नुसती भीती उरते. आणि घाबरलेल्या मुलालाच तर वाटतं, कुणीतरी दांडगा हवा!

मुलगा दाराशी उभा राहून सगळं ऐकत होता. दुसऱ्या दिवशी दोघंही वर्गात हजर.

चौथ्या शनिवारी मी वाण्याकडून तराजू मागून आणला. लेनिनग्राड हे रशियातलं मोठं शहर. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४ जर्मन सैन्याचा वेढा, ८७२ दिवस! पहिल्या हिवाळ्यात शिधापत्रिकेवर मुलांना आणि घरातल्या बायकांना दिवसाला किती पाव मिळायचा? १२५ ग्रॅम. सव्वाशे! मुलांनीच तोलला. बेकरीतले जेमतेम साडेतीन पाव भरले. त्यातही पीठ कमी, भुसा-कोंडा जास्त असायचा. "भाजी?" नाही. "दूध?" नाही. "मग रात्री?" हेच, सकाळ-संध्याकाळ मिळून. एरवी सनावळी विसरणाऱ्या मुलांना हा आकडा अजून पाठ आहे. त्या वेढ्यात लाखो माणसं भुकेने गेली. आईने आपल्या वाट्याचा तुकडा पोराला देऊन डोळे मिटले, अशी कितीतरी घरं.

मग विचारलं, "गांधीनगर माहीत आहे ना, कोल्हापूरजवळचं?" माहीत नसायला काय! आमच्याकडची अर्धी लग्नं तिथल्याच बस्त्यावर होतात. तिथेच वळिवडे गावाशी १९४३ साली पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली होती. १९३९मध्ये पोलंडवर एकीकडून जर्मनी आणि दुसरीकडून सोव्हिएत रशिया चालून आला. रशियाने लाखो पोलिश लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरियाकडे पाठवलं. १९४१मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा त्यांची सुटका झाली. त्यातले काही इराणमार्गे भारतात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी हजारेक मुलांना बालाचडीत आसरा दिला, आणि कोल्हापूरजवळ पाचेक हजार माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, नाटकंसुद्धा व्हायची. युद्धानंतर ती माणसं पांगली. आणि त्याच जागेवर फाळणीत घरदार गमावलेली सिंधी कुटुंबं आली, तेच आजचं गांधीनगर. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४च्या ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधान तिथे जाऊन आले, तेव्हा बातम्यांत दाखवलं होतं.

"म्हणजे आपल्याकडे जागा दिली त्यांना?" मुलाने विचारलं. आवाजात जरासा अभिमान होता. म्हटलं, हो. परकी माणसं, परकी भाषा, तरी दिली.

पाचवा शनिवार भांडण मिटवण्याचा. फ्रान्स आणि जर्मनी सत्तर वर्षांत तीनदा लढले. १८७०, १९१४ आणि १९४०. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री शुमान यांनी ९ मे १९५० रोजी सुचवलं, की तोफा ज्यापासून होतात तो कोळसा आणि पोलाद दोघांनी मिळूनच सांभाळू. १९५१मध्ये सहा देशांनी तसा करार केला. आजच्या युरोपीय संघाची सुरुवात ती. ७ डिसेंबर १९७०ला जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सामध्ये ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले. त्यांनी स्वतः हिटलरविरुद्ध काम केलं होतं, त्यांचा काय दोष? पण देशाच्या वतीने ते बसले. आणि २००६मध्ये तर फ्रान्स आणि जर्मनीच्या मुलांसाठी इतिहासाचं एकच पुस्तक निघालं, दोन्ही भाषांत. कल्पना कुणाची? दोन्ही देशांतल्या तरुण मुलांचीच.

म्हटलं, आपणही करून बघू. आमच्याकडे उन्हाळ्यात नळावरून दोन गल्ल्यांत जोरदार भांडण झालं होतं, पार पोलीस येईपर्यंत. दोन्ही गल्ल्यांतली दोन-दोन मुलं बसवली. सांगितलं, त्या भांडणाचा मिळून एक इतिहास लिहा, एकाच वहीत. तीन संध्याकाळी गेल्या! पहिली घागर कुणी ओढली यावर घोडं अडलं. शेवटी त्यांनी लिहिलं, 'वरच्या गल्लीचे म्हणणे असे, खालच्या गल्लीचे म्हणणे असे. पाणी त्या दिवशी वीस मिनिटेच आले, हे दोघांनाही मान्य.' मला तर हसू आवरेना. पण विचार केला, तर भांडणाचं खरं कारण त्या शेवटच्या ओळीतच होतं, नाही का?

शेवटच्या शनिवारी बदलाचं बोललो. ऑगस्ट १९६१मध्ये एका रात्रीत बर्लिनमध्ये कुंपण पडलं, मग भिंत झाली, माणसं अठ्ठावीस वर्षं नातलगांपासून तुटली. ९ नोव्हेंबर १९८९ला ती भिंत लोकांच्या रेट्याने उघडली. मुलींना सर्वांत नवल वाटलं ते मताच्या हक्काचं. फ्रान्समध्ये बायकांना मताचा हक्क १९४४मध्ये मिळाला, आणि घड्याळं नि चॉकलेटवाल्या स्वित्झर्लंडमध्ये देशाच्या निवडणुकीसाठी चक्क १९७१मध्ये! आपल्या आज्या तर १९५२च्या पहिल्या निवडणुकीतच मत देऊन आल्या होत्या.

पण सगळं गोड झालं असं सांगून मी थांबले नाही. पहिल्या महायुद्धाची ठिणगी जिथे पडली ते साराजेव्हो शहर १९९२मध्ये पुन्हा वेढ्यात सापडलं, जवळजवळ चार वर्षं. एका जिन्यात राहणारी, एकमेकांच्या सणाला जाणारी माणसं धर्मावरून वैरी झाली. जुलै १९९५मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांहून जास्त मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यांच्या आया पुढे कित्येक वर्षं हाडं ओळखत, न्याय मागत फिरल्या. युद्धानंतर त्या बोस्नियात काही ठिकाणी एकाच इमारतीत दोन शाळा भरू लागल्या. या धर्माची मुलं वेगळी, त्या धर्माची वेगळी. यायत्से नावाच्या गावात वेगळी शाळा काढायचं ठरलं, तेव्हा २०१६-१७मध्ये मुलंच रस्त्यावर उतरली, आम्हाला एकत्र शिकायचंय म्हणून. आणि तो बेत रद्द झाला.

"पण काकू, २०२२ला रशियाने युक्रेनवर हल्ला केलाच की," एक मुलगी म्हणाली. केलाच. इतिहास शिकला म्हणून युद्ध थांबतंच असं नाही, हे मी कबूल केलं. पण निदान आपण कुणाच्या मागे उभे राहतोय, हे तरी कळायला हवं ना?

मैत्रिणींनो, आपली मुलं मोबाइलवर काय काय बघतात, कुणाचे फोटो लावतात, कधी त्यांच्याजवळ बसून विचारा. रागावू नका, आधी ऐका. आणि माहिती नसली तर पुस्तक घेऊन त्यांच्यासोबत शिका. मीही तसंच केलं.

त्या दिवशी वर्ग संपताना सहल कुठे काढायची यावर मतदान ठरलं. मी नेहमीसारख्या पंधरा चिठ्ठ्या फाडल्या. तो मुलगा हात पुढे करून उभाच राहिला.

"काकू, एक कमी आहे."

"मोजल्यात रे मी."

"बारकीची?"

पहिल्या शनिवारी माझ्यासुद्धा लक्षात आलं नव्हतं. सोळावी चिठ्ठी फाडली. बारकीने तिच्यावर पेन्सिलीने एक वाकडातिकडा गोल काढला. तो कुठल्या गावाला मोजायचा, यावर मुलांचा बराच वेळ वाद चालला होता.